इंदुरात बोअर करताय? थांबायचं कुठे ते आधी ठरवा

बायपासच्या पलीकडे किंवा राऊकडे प्लॉट घेतला, की भेटणारा पहिला हितचिंतक एकच सल्ला देतो, "भिया, पहले बोरिंग करवा लो, मकान बाद में." पुण्याहून, नागपूरहून नोकरीसाठी इथे आलेल्या ओळखीच्या मंडळींनी या सल्ल्याचं काय करायचं, हे मला इतक्यांदा विचारलं आहे की आता लिहूनच काढतो. मी काही भूजलाचा अभ्यासक नाही. वडिलांनी सुदामानगरच्या घरी केलेली, मग माझ्या प्लॉटवरची आणि पुढे आमच्या सोसायटीची, अशा तीन बोअर कडेला उभं राहून पाहिल्या, एवढीच माझी पात्रता. त्यातली माझी स्वतःची फसली. किती खोल जायचं, हे मी बोअर खोदणारी गाडी दारात उभी राहिल्यावर ठरवायला गेलो. त्या वेळी मीटर चालू असतो, आवाजाने डोकं उठलेलं असतं आणि चार शेजारी सल्ला देत असतात.

सगळ्यात आधी एक साधी चौकशी करा. तुमच्या गल्लीत नर्मदेची लाइन आली आहे का, किंवा येणार आहे का? इंदुरात नर्मदेचं पाणी 1978 पासून येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी पार करून. नळ मिळत असेल तर बोअर ही फक्त जोड आहे, आणि जोडीसाठी लहानशी बोअर पुरते. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत मात्र ती मुख्य आधार ठरते, तिथे नीट डोकं लावावं लागतं.

खाली काय आहे

माळव्याची म्हण सगळ्यांना पाठ आहे : मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर. पावलोपावली पाणी होतं ते विहिरींच्या काळात. शेजारच्या उज्जैनचा वराहमिहिर सहाव्या शतकात लिहून गेला, की जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागतं. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. दोन पुरुष म्हणजे जेमतेम 15 फूट! आज त्याच माळव्यात 400 फुटांची भाषा सहज होते. मधल्या काळात पाऊस आटला म्हणून असं झालेलं नाही, अजूनही वर्षाला सरासरी 950 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुरतं त्याहून जास्त आपण उपसतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या हिशेबात इंदूर 'अतिदोहित' गटात मोडतं. वर्षाकाठी जितकं पाणी भरून येतं त्याच्या 100 टक्क्यांहून जास्त उपसा, असा त्या शब्दाचा अर्थ.

दगड तोच, आपला काळा पाषाण. सह्याद्रीत, पुण्यात जो आहे तोच इथेही पसरला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी वाहिला. चिरोट्याचे पापुद्रे डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पापुद्र्याचा खालचा आणि मधला भाग घट्ट, अखंड. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. दोन पापुद्र्यांच्या मधे कधी कधी विटेसारख्या लाल मातीचा पातळ थर. सगळ्यांत वर कुजलेला खडक, म्हणजे मुरूम, आणि त्यावर काळी माती.

पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र भागात आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतंच, त्यात 100 फूट गेलात तरी फक्त भुकटी वर येते. "नीचे नदी बह रही है" असं कोणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावावं. खाली नदी नाही, भेगा आहेत, आणि भेग कुठून जाते ते दगडाला ठाऊक. म्हणून शेजाऱ्याला 120 फुटांवर पाणी लागतं आणि त्याच्यापासून 30 फूट लांब असलेल्या तुमच्या प्लॉटवर लागत नाही. म्हणूनच दुप्पट खोल गेल्याने दुप्पट पाणी मिळतं, हा हिशेब या दगडात चालत नाही. जितकं खाली जाल तितक्या भेगा साधारणपणे कमी आणि मिटलेल्या असतात.

आपल्याला किती लागतं

हे गणित कोणी करत नाही, आणि सगळी फसगत इथून सुरू होते. शहरी घरासाठी माणशी रोज 135 लिटर हा सरकारी मापदंड आहे. पाच माणसांचं कुटुंब धरलं तर 675 लिटर. ताशी फक्त 500 लिटर देणारी बोअर, जिला मशीनवाला तोंड वाकडं करून "कुछ नहीं है" म्हणतो, ती तुमची गरज दीड तासाच्या आत भागवते.

आणखी एक आकडा लक्षात असू द्या. साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी उभं असतं. लक्षात ठेवायला सोपं. म्हणजे बोअरमध्ये 100 फूट पाणी उभं असेल तर तिथेच 650 लिटरची टाकी झाली, जी रात्रभरात हळूहळू पुन्हा भरते. म्हणून पाणी लागल्यावर त्याखाली 50-60 फूट जादा घेणं शहाणपणाचं, कारण तो साठा आहे. त्यापुढचं खोदकाम बहुतेक वेळा मशीनवाल्याच्या फायद्याचं.

शेजाऱ्यांकडे जा, मग पाणाड्याकडे

आजूबाजूच्या पाच-सहा घरी जाऊन विचारा, तेही प्लॉटच्या चारही बाजूंना. "काकू, तुमच्या बोअरला पाणी किती फुटांवर लागलं?" एवढं विचारून थांबू नका, कारण उत्तर नेहमी एकूण खोलीचं मिळतं. "साढ़े तीन सौ की है" हे अभिमानाने सांगितलं जातं, पण पाणी 140 वर लागलेलं असतं आणि पुढचे 210 फूट हौसेचे असतात. केसिंग (भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात घालतात तो पाइप) किती गेलं, पहिलं पाणी कुठे, त्याखालचं दुसरं कुठे, कोणत्या महिन्यात पंप हवा ओढायला लागतो, कुणाची कोरडी गेली का, हे सगळं वहीत उतरवा. कोरडी गेलेली कोणी आपणहून सांगत नाही, ती शेजारची काकू सांगते.

या वहीतूनच थांबायची खोली निघते. शेजारी पाणी 110 ते 180 च्या दरम्यान लागलं असेल, तर तुमची मर्यादा 240. ती कागदावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तुम्ही पाघळलात तर तो आठवण करून देईल.

पाणाड्याबद्दल माझं मत विचाराल तर, नारळ तळहातावर उभा राहतो तेव्हा सगळ्यांचा श्वास अडकतो हे खरं, पण मला त्यात पाणी कधी दिसलं नाही. वडिलांनी बोलावला होता. त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं, पण आमच्या त्या गल्लीत तेव्हा जवळजवळ सगळीकडेच लागत होतं. घरातल्या ज्येष्ठांचं मन राखायचं असेल तर बोलावा, दक्षिणा द्या, वाद नको. पैसे खर्च करायचेच असतील तर जमिनीत वीज सोडून दगडाचा विद्युत रोध मोजणारी चाचणी करून घ्या. अखंड पाषाण जास्त रोध दाखवतो, ओला कुजका खडक कमी. तीही देववाणी नव्हे. लहान प्लॉटवर तारा लांबवर पसरायला जागा नसते, त्यामुळे खोलवरचं चित्र धूसरच येतं. चाचणीचा खरा उपयोग 'इथे नको' हे कळण्यासाठी.

जागा ठरवताना सेप्टिक टँक आणि गटारापासून किमान 50 फूट लांब राहा, जमलं तर 100. लहान प्लॉटवर हे अवघड असतं, शेजाऱ्याचा टँकही मोजावा लागतो. आणि वर बघा. विजेची तार किंवा भविष्यातली गच्ची बोअरवर येत असेल, तर उद्या पंप उपसायचा कसा?

परवानगी आणि हंगाम

इथली खरी मेख ही आहे. बोअर उन्हाळ्यात करावी, असं जुनी माणसं सांगतात, आणि बरोबर सांगतात. मे महिन्यात लागलेलं पाणी वर्षभर टिकेल असा भरवसा असतो. दिवाळीच्या आसपास पाणी वर आलेलं असतं, तेव्हा कुठेही भोक पाडलं तरी खूश व्हायला होतं आणि मग एप्रिलमध्ये रडायची वेळ येते. पण इंदूर जिल्ह्यात उन्हाळा लागला, की जिल्हाधिकारी 1986 च्या मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियमाखाली जिल्हा 'जल अभावग्रस्त' जाहीर करून नव्या खासगी बोअरवर बंदी घालतात. विनापरवाना खोदकाम सापडलं तर मशीन जप्त होतं. दंड, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रात्री गुपचूप येतो म्हणणारा एजंट भेटेलच. त्याला नाही म्हणा.

मधला मार्ग फेब्रुवारीचा. पाणी बरंच उतरलेलं असतं आणि बंदी सहसा अजून आलेली नसते. आदेशाच्या तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचा आदेश स्वतः बघा. बंदीच्या काळात फारच नड असेल तर एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात रीतसर अर्ज करता येतो.

स्वतःच्या घरगुती वापरासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत लागत नाही, 2020 च्या नियमांत वैयक्तिक घरांना सूट आहे. सोसायटी, हॉस्टेल, कारखाना असेल तर नियम वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये घालून दिलेले नियम मात्र सर्वांना लागू आहेत. काम सुरू होण्याआधी 15 दिवस संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नोंदणी असलेल्याच खोदकामवाल्याकडून काम करून घ्यायचं आणि जागेवर मालकाचा व एजन्सीचा पत्ता असलेली पाटी लावायची.

भाव ठरवणं

दर फुटावर असतो आणि बहुतेक ठिकाणी ठराविक खोलीनंतर तो वाढत जातो. एजंट पहिला टप्पा तेवढा सांगतो. सगळे टप्पे, केसिंगचा वेगळा दर, केसिंगचा प्रकार, कोरडी गेली तर काय, गाडीचं येणं-जाणं आणि शेवटची धुलाई (हवेच्या दाबाने बोअरमधला गाळ काढणं), हे सगळं एका कागदावर घ्या. व्हॉट्सॲपवर घेतलं तरी चालेल, पण तोंडी नको.

व्यास साडेसहा इंच घ्या. साडेचार इंची स्वस्त पडते, पण तिच्यात नेहमीचा चार इंची पंप इतका घट्ट बसतो, की एकदा अडकला तर बोअर आणि पंप दोन्ही गेले म्हणून समजा.

बोअरचा दिवस

गाडी बहुधा पहाटे येते. बरोबर कंप्रेसरचा दुसरा ट्रक असतो, तेव्हा गल्लीत लावलेल्या गाड्या आदल्या रात्रीच हलवायला सांगा. शेजाऱ्यांना वाळत घातलेले कपडे काढायलाही सांगा. मी सांगितलं नव्हतं. त्या घरातलं बोलणं पुढे दोन महिने थंड होतं. गाडीवरची पोरं पुष्कळदा तमिळनाडूतली असतात. तिथलं तिरुचेनगोडे हे गाव बोअरच्या गाड्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. त्यांना पोहे-जिलबी खिलवा, काम प्रेमाने करतात.

नारळ फुटला की काम सुरू. रॉडच्या टोकाला हातोडा असतो, त्याच्या तोंडाशी कठीण धातूची बटणं बसवलेला बिट. कंप्रेसरची दाबाची हवा रॉडमधून खाली जाते, हातोडा दगडावर ठोके देतो, रॉड फिरत राहतो आणि तीच हवा भुकटी वर फेकते. आधी माती-मुरमातून मोठ्या व्यासाचं भोक पाडतात, त्यात केसिंग पाइप उतरवतात आणि मग पक्क्या दगडात साडेसहा इंची.

केसिंग पक्क्या दगडात काही फूट रुतलंच पाहिजे. इथे दोन्ही बाजूंनी फसवणूक होते. कधी गरज नसताना पाइप वाढवतात, कारण त्याचा दर जास्त असतो. कधी दोन पाइप कमी टाकतात आणि पहिल्या पावसाळ्यात मुरूम ढासळून पंप गाडला जातो. पाइप उतरण्याआधी स्वतः मोजा. वर जमिनीपासून दीडेक फूट राहू द्या आणि पाइपच्या बाहेरची फट सिमेंटने बुजवून घ्या, नाहीतर अंगणातलं घाण पाणी सरळ खाली उतरतं.

आता तुमचं काम. पहिला रॉड लागण्याआधी त्याची लांबी टेपने मोजा. कुठे 10 फुटी असतो, कुठे 20. दर रॉडला भिंतीवर खडूने एक रेघ ओढा. दर 10 फुटांना मूठभर भुकटी घ्या आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडत जा, बाजूला फूट लिहा. ही तुमच्या बोअरची कुंडली. पुढे पंप कुठे सोडायचा, दुरुस्ती कशी करायची, हे सगळं तिच्यावरून ठरतं, आणि पुढच्या गल्लीतल्या माणसाला तुम्ही खरं उत्तर देऊ शकता.

भुकटी वाचायला दोन तासांत शिकता येतं. तपकिरी, भुसभुशीत म्हणजे मुरूम. बारीक करडी-काळी, पिठासारखी म्हणजे अखंड पाषाण, तिथे काही नाही. लालसर खडे, त्यांत पांढरे ठिपके दिसले तर सच्छिद्र थर आला. पण ठिपके फार असतील तर छिद्रं खनिजांनी भरलेली आहेत, पाणी कमीच मिळेल. वीटलाल चिकट माती आली तर थराचा सांधा. तिच्या आसपास पाणी मिळू शकतं, पण हीच माती फुगून बोअर आवळते आणि हातोडा अडकवते, म्हणून मिस्त्रीला सावध करा. धूळ दमट झाली, गोळे पडायला लागले की श्वास रोखून बघा.

माझं काय चुकलं

माझ्या प्लॉटवर 165 फुटांवर पाणी लागलं. धुलाईच्या वेळी मोजलं, तर 200 लिटरचा ड्रम 12 मिनिटांत भरत होता, म्हणजे ताशी 1,000 लिटर. आमच्या चार माणसांना ते डोक्यावरून पाणी होतं. पण मिस्त्री म्हणाला, "साहब, दूसरा पानी तो लो, अभी गाड़ी खड़ी है." गाडी उभी आहे, हे काही कारण नव्हे. तरी मी मान हलवली. मग 250, 300, पुढे 350 च्या सुमाराला रॉड एकदम सैल गेला, सगळे टाळ्या पिटायला लागले, आणि 420 ला मी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दोरीला दगड बांधून सोडला तर पाणी 300 च्याही खाली. वरच्या भेगेतलं पाणी खालच्या तहानलेल्या भेगेत उतरलं होतं. मोठा पंप लावून पाहिला, दहा मिनिटांत हवा ओढायचा. चांगल्या बोअरला पैसे देऊन भोक पाडलं, असं माझा मेहुणा अजून चारचौघांत सांगतो.

मोजणी

"ढाई इंच पानी निकला" हे इंदुरी माप अंदाजपंचे असतं. व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्याच्या पेटीने मोजलं तरी इंच फसवतात. काटकोनी खाचेवर पाणी 5 सेंटिमीटर चढलं तर ताशी सुमारे 2,800 लिटर, आणि 10 चढलं तर दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त. ड्रम आणि घड्याळ बरं. मात्र पहिल्या पाच मिनिटांचं मोजू नका, तो उभा साठा असतो. किमान तासभर धुवून घ्या, पाणी स्वच्छ व्हायला लागलं की मोजा.

पंप

पंप दोन-चार दिवसांनी, पाणी स्थिरावल्यावर घ्या. गाडीवाल्याच्या ओळखीच्या दुकानातून त्याच दिवशी घेतलेला पंप हमखास गरजेपेक्षा मोठा निघतो. कमी पाण्याच्या बोअरला मोठा पंप म्हणजे रोज कोरडं चालणं आणि मोटार जळणं. पाण्याची पातळी, टाकीची उंची आणि ताशी लिटर सांगा, त्यावर दुकानदाराने तक्त्यातून मॉडेल काढावं. पंप तळापासून 15-20 फूट वर टांगा, खाली गाळ बसतो. नायलॉनची जाड दोरी बांधा, पाइप तुटला तर तीच वाचवते. पाणी संपताच मोटार बंद करणारं यंत्र पॅनेलमध्ये बसवाच.

पाणी तपासणं

बोअरचं पाणी गोड लागलं म्हणजे पिण्याजोगं, असं नाही. प्रयोगशाळेत विरघळलेले क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म जिवाणू एवढं तरी बघा. भारतीय मानकानुसार क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालतात. नायट्रेट 45 च्या वर नको. ते वाढलेलं असेल तर सांडपाणी कुठून तरी मुरतंय. शहरातून वाहणाऱ्या खान नदीच्या काठच्या वस्त्यांत हे आधी तपासा. जिवाणू तर अजिबात नकोत.

तोंड बंद, छप्पर जोडलेलं

पंप बसेपर्यंत बोअरचं तोंड एक रात्रही उघडं ठेवू नका. लहान मुलं पडल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. केसिंगवर लोखंडी झाकण वेल्ड करा किंवा नटबोल्टने आवळा. भोवती सिमेंटचा चौथरा करा, न्यायालयाच्या नियमात तो जमिनीच्या वर 30 आणि खाली 30 सेंटिमीटर सांगितला आहे. कोरडी गेली आणि वापरायची नसेल तर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून वरपर्यंत भरून टाका.

माझी मी भरली नाही. झाकण लावून तिला गच्चीचं पाणी जोडलं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इंदूरच्या सरासरी पावसाचं वर्षाला सुमारे 88,000 लिटर पाणी पडतं. सांडलं-उडालं सोडून 70,000 तरी हाती लागतं. गच्चीचा पाइप, मधे खडी-वाळूची गाळणी, मग बोअर, एवढंच काम. फक्त गच्चीचंच पाणी सोडा. अंगणाचं, रस्त्याचं पाणी चुकूनही नको, एकदा घाण खाली गेली की काढता येत नाही. मृग लागायच्या आत गच्ची झाडून, गाळणीतली वाळू धुऊन ठेवा, आणि पहिल्या दोन-तीन सरी बगलेच्या तोटीने बाहेर जाऊ द्या.